वारुळातून काढली एक, प्लेटमध्ये उगवली दुसरीच

पाचव्या दिवशी प्लेटमध्ये पांढरीशुभ्र, कापसासारखी वाढ दिसली आणि मी इन्क्युबेटरचं दार उघडं टाकून सरांना बोलवायला पळाले. सरांनी प्लेट उजेडाकडे धरली, उलटी करून खालून पाहिली आणि "छान. डीएनए काढ आणि बघ," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज थंड होता. तो का थंड होता, हे मला कळायला पुढचे दोन महिने लागले.

मला हवी होती टर्मिटोमायसीस. नाव परकं वाटलं तरी कोकणातल्या माणसाने ही बुरशी नक्की खाल्लेली असते. पावसाळ्यात वारुळावर छत्र्या उगवतात, ती अळंबी. गोव्यात रोंय अळमी म्हणतात, आणि तिथे ती रस्त्याकडेला पानात बांधून विकायला आली की गाड्या थांबतात. जमिनीवर दिसते ती फक्त छत्री. खरा संसार खाली, वाळवीच्या घरात. ओडोंटोटर्मिस जातीच्या वाळव्या पालापाचोळा, लाकूड खाऊन आणतात, त्याची विष्ठा रचून स्पंजासारखी जाळीदार पोळी बनवतात आणि तिच्यावर ही बुरशी पिकवतात. पोळीवर मोहरीएवढे पांढरे दाणे धरतात. वाळवी ते खाते. दाण्यातले बीजाणू तिच्या पोटातून शाबूत बाहेर पडतात आणि नव्या पोळीत आपोआप पेरले जातात. पेरणी, राखण, कापणी, सगळं जमिनीखाली. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झालेली ही शेती आहे. आपण गहू पेरायला लागलो त्याला बारा हजार वर्षंही झालेली नाहीत.

माझा प्रकल्प कागदावर सोपा होता. सावंतवाडी तालुक्यात मावशीच्या काजूच्या बागेत अळंबी येते. ती छत्री आणि तिच्या खालची पोळी, दोन्हींमधून बुरशी वेगळी करायची, डीएनए काढायचा, त्यातला आयटीएस नावाचा तुकडा वाचायचा आणि वरची-खालची बुरशी एकच आहे का आणि ती नेमकी कोणती, हे ठरवायचं. आयटीएस हा बुरशीच्या ओळखीसाठी २०१२ साली सर्वमान्य झालेला तुकडा. दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा. एका हंगामात काम उरकेल असं मी लिहूनही दिलं होतं. दोन लागले.

पहिल्या वर्षी जुलैत गेले तेव्हा मावशीच्या घरामागे पाणी जायला चर काढायचं काम चाललं होतं आणि जेसीबीने एका वारुळाची कड कापून काढली होती. मातीच्या भिंतीत नारळाएवढ्या पोकळ्या, आणि प्रत्येक पोकळीत तपकिरी, सुरकुतलेली, अक्रोडाच्या मगजासारखी दिसणारी पोळी. मला लॉटरीच लागली. एरवी वारूळ खणायला मावशीने मुळीच दिलं नसतं. गावात सातेरीच्या देवळात वारूळच पुजतात, त्यामुळे वारुळाला कुदळ लावायची भाषा घरात चालत नाही. कापलेल्या भिंतीतून तीन पोळ्या काढल्या, वाळव्या झटकल्या (हे लक्षात ठेवा), प्लॅस्टिकच्या डब्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस एवढा की घाट बंद. तिसऱ्या दिवशी एसटी मिळाली. पोळ्या लॅमिनारखाली, म्हणजे प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक हवेच्या कपाटात, पोचेपर्यंत तीन रात्री उलटल्या होत्या.

त्यातले दाणे सुईने उचलून मी पीडीएवर ठेवले. पीडीए म्हणजे बटाट्याचं पाणी, साखर आणि अगार, बुरशीची खिचडीच. जीवाणू येऊ नयेत म्हणून त्यात अँटिबायोटिक. चार प्लेटमध्ये हिरवी ट्रायकोडर्मा आली, ती ओळखू येते, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) टाकली आणि विसरले. तीन प्लेटमध्ये मात्र ही सुंदर पांढरी वाढ.

टर्मिटोमायसीस प्लेटवर अतिशय सावकाश वाढते, नखाएवढी व्हायला आठवडे घेते, हे मी वाचलेलं होतं. माझ्याच वहीत ते वाक्य लाल पेनाने लिहिलेलं आहे. आणि माझी प्लेट पाचव्या दिवशी भरली होती. पण आनंदात माणसाला वही आठवत नाही.

दरम्यान छत्र्यांचं काम वेगळ्याच तऱ्हेने अडलं होतं. अळंबीचं मांस द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायचं, त्यावर सीटॅबचं, म्हणजे पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या रसायनाचं, गरम द्रावण ओतायचं, ६५ अंशाला तासभर ठेवायचं. त्या द्रावणात मर्कॅप्टोइथेनॉल असतं. सडलेलं अंडं आणि जळलेलं रबर यांच्या मधला त्याचा वास केसांत बसतो, घरी गेल्यावर आईने "गॅस चालू राहिलाय का बघ" म्हटलं होतं. मग क्लोरोफॉर्म, मग सेंट्रिफ्यूज, मग वरचा थर अलगद काढून थंड आयसोप्रोपॅनॉल. इथे डीएनए पांढऱ्या धाग्यासारखा तरंगायला हवा. माझ्या नळीत तपकिरी शेंबूड आला. दुसरा शब्द नाही. पिपेटच्या टोकाला चिकटून लोंबायचा. बुरशीच्या भिंतीतली बहुशर्करा आणि देठाच्या मुळाला चिकटलेल्या मातीतलं ह्युमिक आम्ल, दोन्ही डीएनएबरोबर खाली बसतात. मशीनवर आकडा भरपूर दिसतो, वाटतं डीएनएच डीएनए आहे; आणि पीसीआर, म्हणजे एन्झाइमकडून हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून घ्यायची पद्धत, लावला की जेलवर, जिथे तो तुकडा बँड म्हणजे चकाकती पट्टी होऊन दिसायला हवा, तिथे काळोख.

सहा वेळा लावला. सहाही वेळा काळोख. लॅबमधल्या सीनियर मुलीने सहज विचारलं, "पातळ करून बघितलंस का?" मी हसले. आधीच बँड येत नाही, त्यात डीएनए आणखी कमी टाकायचा? पण एका संध्याकाळी वैतागून दहा पट पाणी घालून लावलं आणि सातशे अक्षरांच्या जरा खाली लख्ख बँड आला. डीएनए कधी कमी नव्हताच. त्याच्याबरोबर आलेला चिखल एन्झाइमचा गळा दाबत होता. पाणी घातल्यावर चिखल पातळ झाला आणि एन्झाइमने श्वास घेतला. तेव्हापासून मी कोणाचाही पीसीआर चालेना म्हटलं की आधी पातळ करायला सांगते, आणि तीही माझ्यासारखीच हसतात.

हा बँड आला त्याच जेलवर, शेवटच्या खणात, जिथे काहीही यायला नको होतं तिथेही एक बँड होता. तो निगेटिव्ह कंट्रोलचा खण. त्यात डीएनए टाकलेलाच नसतो, नुसतं पाणी. पाण्यात बँड आला म्हणजे बाकीच्या खणांतले सगळे बँड संशयित. घरात चोर सापडला की आधी सगळ्यांच्या खिशात हात घालावा लागतो, तसं झालं. आयटीएसच्या प्रती प्रत्येक पेशीत डझनांनी असतात, म्हणून तो तुकडा वाढवायला सोपा. आणि त्याच कारणाने हवेतला एखादा बीजाणू नळीत पडला तरी तोही वाढून बसतो. मी प्रायमर (प्रत कुठून काढायला लागायची ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले, टिप्स बदलल्या, पिपेट स्पिरिटने पुसले, यूव्ही लावला. तीन आठवडे पाण्यात बँड येतच राहिला. शेवटी सापडलं: पीसीआरसाठी वापरत होते ती पाण्याची बाटलीच. सगळे त्याच बाटलीत पिपेट घालत होतो, मीही. त्या दिवसापासून माझं पाणी छोट्या छोट्या नळ्यांत भरलेलं असतं, एका दिवसाला एक नळी, आणि तिच्यावर माझं नाव मार्करने एवढं मोठं लिहिलेलं असतं की चुलत बहिणीने फोटो पाहून "औषध आहे का?" विचारलं.

या सगळ्यात प्लेटवरच्या त्या पांढऱ्या बुरशीचं काम मात्र लोण्यासारखं झालं. स्वच्छ डीएनए, पहिल्याच झटक्यात बँड, निगेटिव्ह कोरा. नमुने सीक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, पाठवले. फाइल आली तर आलेखातली शिखरं, अक्षरामागे एक, अशी सुबक की एकही अक्षर संशयाचं नाही. मी ती अक्षरं ब्लास्टमध्ये टाकली. जगभरच्या लोकांनी जमा केलेल्या क्रमांशी आपला क्रम ताडून बघायची ही सोय. बटण दाबलं की मिनिटाभरात यादी येते.

यादीत वरपासून खालपर्यंत एकच नाव: झायलेरिया.

टर्मिटोमायसीस कुठेच नाही. ती छत्रीवाली बुरशी, झायलेरिया काळ्या बोटांसारखी लाकडावर येणारी, दोघींचं नातं इतकं लांबचं की एकीला दुसरी समजणं म्हणजे आंब्याला नारळ म्हणण्यासारखं. मी सीक्वेन्सिंगवाल्यांनी नळ्या अदलाबदल केल्या असं ठरवून टाकलं आणि तशी तक्रार लिहायला बसले. सुदैवाने पाठवायच्या आधी सरांकडे गेले.

सरांनी तक्रार वाचलीच नाही. "पोळ्यांवरच्या वाळव्या कुठायत?" एवढं विचारलं.

झटकून टाकल्या होत्या.

वाळवीच्या पोळीत झायलेरियाची एक जात दबा धरून असतेच. वाळव्या आहेत तोवर ती डोकं वर काढू शकत नाही. त्या पोळी सतत चाटत, साफ करत, जुनी खालून खात आणि नवी वर रचत राहतात. वाळव्या गेल्या की दोन-तीन दिवसांत झायलेरिया पोळी ताब्यात घेते. सोडून दिलेल्या वारुळावर काळी बोटं उगवलेली दिसतात, ती हीच. म्हणजे मी राखणदारांना हाकलून दिलं, शेत तीन रात्री प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडलं, आणि मग जे तण माजलं त्याची डौलाने लागवड केली. दाणा म्हणून जो उचलला त्याच्याबरोबर तणाचा एखादा धागा आला, आणि प्लेटवर शर्यत लागल्यावर सावकाश चालणारीचा काय टिकाव लागणार? प्लेट तुम्हाला वारुळात कोण राहतं ते दाखवत नाही, सगळ्यात आधी कोण पळतं ते दाखवते. सरांना हे पहिल्याच दिवशी, प्लेट उजेडाकडे धरली तेव्हा कळलं होतं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी जरा रागानेच विचारलं. "तू ऐकलं असतंस?" नसतं ऐकलं.

छत्रीचा क्रमही त्या वर्षी वाया गेला. फाइल उघडली तर प्रत्येक ठिकाणी दोन-दोन शिखरं एकमेकांवर चढलेली, दोन माणसं एकदम बोलत असल्यासारखी. अळंबी उमललेली, जुनी होती, आतून अळ्यांनी पोखरलेली, आणि तिच्यावर इतर बुरश्यांनी केव्हाच बस्तान मांडलेलं होतं. मी भाजीसाठी चांगल्या अळंब्या मावशीला दिल्या होत्या आणि उरलेल्या प्रयोगशाळेला. क्रम उलटा हवा होता, अक्षरशः.

दुसऱ्या वर्षी मी पावसाच्या आधीच जाऊन राहिले. मावशीला विचारलं, अळंबी कधी येणार. ती माडीवर सुकत घातलेली कोकमं गोळा करत होती. "गडगडाट झालो की तिसऱ्या दिवसाक बगूक जावचा. आणि जागो कोणाक सांगाचो नाय, तुज्या सरांकय नाय." जागा न सांगण्यावर ती ठाम होती. माझ्या वहीत त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लिहिलेले आहेत हे मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

या वेळी तयारी वेगळी होती. प्लेट पुण्याहूनच ओतून, पॅराफिल्म गुंडाळून आणल्या होत्या. पाणी कुकरमध्ये चार वेळा शिट्ट्या करून निर्जंतुक केलं. कुकर मावशीचा, डाळीचा. प्लॅस्टिकच्या एका मोठ्या खोक्याला हात घालायला दोन भोकं पाडली, ती माझी लॅमिनार. माजघरातला पंखा बंद, खिडक्या बंद, दारात काका उभे: कोणी आत यायचं नाही, शिंकायचं नाही. आत स्पिरिटचा दिवा. मी घामाने भिजलेली. मावशीला वाटलं काही तरी पूजा आहे आणि ती बाहेरूनच "झाला काय गो?" विचारत राहिली.

गडगडाटानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे, तिने म्हटल्याप्रमाणेच, काजूखाली अळंबी होती. अजून मिटलेली, भाल्याच्या टोकासारखी. एक छत्री मी मातीसकट खोल जाऊन काढली. देठ खाली बारीक होत होत दोरीसारखा झाला आणि हात कोपरापर्यंत खड्ड्यात गेल्यावर सरळ पोळीत शिरला. वर वीतभर, खाली हातभर. मावशी बघत होती. तिने आयुष्यभर अळंबी वळवून उपटली होती, तळ कधी पाहिला नव्हता. मी पोळीचा एक मुठीएवढा तुकडा घेतला, वाळव्यांसकट, ओलसर मातीसकट, आणि खड्डा बुजवला. बुजवताना तिने वर दोन फुलं ठेवली.

तासाभरात खोक्यात बसले. दाणे एकेक करून निर्जंतुक पाण्याच्या पाच वाट्यांतून धुतले. एका प्लेटवर फक्त तीन दाणे, लांब लांब, म्हणजे एकावर तण आलं तरी बाकीचे वाचावेत. अशा चोवीस प्लेट. मिटलेली छत्री हाताने उभी फाडली (सुरी लावायची नाही, सुरी बाहेरची घाण आत नेते) आणि टोपी-देठाच्या सांध्यातलं आतलं मांस, ज्याला कधी हवा लागली नाही ते, चिमट्याने काढून थेट सीटॅबच्या नळीत टाकलं. या वेळी पहिली अळंबी प्रयोगशाळेला आणि उरलेल्या भाजीला.

चोवीसपैकी पंधरा प्लेट हिरव्या झाल्या. पाचवर तीच ओळखीची पांढरी झपाट्याची वाढ. त्या मी न हळहळता फेकल्या. चार प्लेटवर काहीच नाही. दहा दिवस काहीच नाही. पंधराव्या दिवशी दाण्याभोवती जरासा धुरकट कडा दिसला, फुंकर मारली तर जाईल असा. मी कोणालाही बोलवायला गेले नाही. रोज सकाळी प्लेट उजेडाकडे धरायची, खालून बघायची, परत ठेवायची. पाचव्या आठवड्यात ती नखाएवढी झाली. जाड, मळकट पांढरी, सुरकुतलेली, दिसायला अगदीच सामान्य.

छत्रीच्या आतल्या मांसाचा क्रम आणि प्लेटवरच्या या मळकट ठिपक्याचा क्रम मी एकाखाली एक मांडला. सहाशेच्या वर अक्षरं. बोट ठेवत ठेवत गेले, संगणक ते क्षणात करतो हे माहीत असूनही. एकही अक्षर वेगळं नव्हतं. काजूखालची भाला-टोकाची छत्री आणि हातभर खालचा मोहरीएवढा दाणा, दोन्ही एकच जीव.

मग ब्लास्ट. या वेळी यादीत सगळ्या टर्मिटोमायसीसच होत्या. कोणती, यावर मात्र यादीचं एकमत नव्हतं. सारख्याच क्रमाला कोणी एक नाव दिलेलं, कोणी दुसरं, आणि बऱ्याच ठिकाणी नुसतंच "टर्मिटोमायसीस एसपी.", म्हणजे "या घराण्यातली कोणीतरी". नमुना ठेवणाऱ्याने जे नाव लिहिलं तेच तिथे राहतं. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली हे घराणं मांडलं तेव्हापासून छत्रीचा रंग, टोपीचं टोक, देठाचं मूळ यांवरून जाती ठरत आल्या, आणि डीएनए आल्यावर त्यांतल्या काही एकमेकींत मिसळतात, काही फुटतात. मीही माझ्या क्रमापुढे "एसपी." लिहिलं. सुकवलेली छत्री, बीजाणूंचा गुलाबी ठसा आणि फोटो त्याला जोडले. कल्चर (प्लेटवर वाढवलेली जिवंत बुरशी) पुण्यात आघारकर संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय बुरशी संग्रहाकडे द्यायचं ठरवलं आहे. त्याचे अर्ज अजून माझ्या टेबलावर आहेत.

गणपतीला गावी गेले तेव्हा मावशी वाटणाचं खोबरं भाजत होती. तिने मागे न बघताच विचारलं, "मगे? तुज्या मशिनीन काय सांगल्यान?"

मी सांगितलं, वरची आणि खालची एकच निघाली.

"आणि नाव?"

"नाव नाही कळलं अजून."

तिने खोबरं परतणं थांबवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दोन वर्षं मी काय करत होते हा प्रश्न तिला विचारावाही लागला नाही. मग टोपलीतून मिठाच्या पाण्यात भिजत ठेवलेली अळंबी माझ्यापुढे सरकवली. "माती ऱ्हवली असात, नीट धू. ही मागसून येता ती. बारकी. ती तुजी वेगळी होती."

मी एक उचलून पाहिली. देठ आखूड होता, टोपीला टोक नव्हतं. हात पुसला, पिशवीतून सीटॅबची नळी काढली आणि मावशीला म्हटलं, यातली एक मला देशील का, न धुतलेली.